रामटेके साहेबांचा कपबशीतला चहा

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या त्या स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, प्लांटमध्ये चहा काचेच्या ग्लासात मिळायचा. भट्टीवरचा माणूस असो की गेटवरचा, सगळ्यांना तेच जाड बुडाचे ग्लास आणि उकळून उकळून काळा पडलेला तोच चहा. कपबशी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये जायची. मंदीच्या वर्षी मात्र रामटेके साहेबांच्या केबिनमधून दोन कपबश्यांचा निरोप आला, की कँटीनच्या गोदावरीबाई चहा गाळता गाळता विचारायच्या, "आज कोणाचा नंबर हाय गा?" आणि ज्याला साहेबांनी बोलावलं असेल तो जायच्या आधी आपला डबा पिशवीत भरून ठेवायचा.

रामटेके साहेब म्हणजे धर्मपाल रामटेके. माणूस वाईट नव्हता, आणि सगळं दुखणं तिथंच होतं. वाईट असता तर लोकांनी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळे झाले असते. पण गोड बोलणाऱ्या, समजून घेणाऱ्या, खांद्यावर हात ठेवणाऱ्या माणसाला शिवी तरी कुठून देणार?

धर्मपालचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले आणि वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर झाले. त्यांचा आवाज पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, पार टोकापर्यंत ऐकू जायचा. कामावरून आले की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबायची. धर्मपाल शाळेत पहिला आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "चप्पल कुठं टाकली?" बस, एवढंच. उभ्या जन्मात त्यांनी पोराला शाबास म्हटलं नाही. धर्मपालने तेव्हाच मनाशी गाठ मारली होती, की आपण असं व्हायचं नाही. आपण माणसाशी माणसासारखं बोलायचं.

पुढे तो सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये हजेरीबाबू म्हणून लागला. कार्ड पंच करणाऱ्यांच्या रांगेकडे बघत दिवस जायचे. मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहर एकदम खडबडून उठल्यासारखं वागू लागलं. शंकर नगरच्या बंगल्यांवर सरकारी पाट्या चढल्या, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर इंग्रजी बोलायला शिकवणारे, कॉम्प्युटर शिकवणारे, मॅनेजमेंट शिकवणारे वर्ग उघडले. ज्याला त्याला वाटायचं, आता आपलंही काहीतरी होणार. धर्मपालनेही ड्युटी संपल्यावर अशाच एका वर्गात नाव घातलं. बाकीचे विषय त्याने परीक्षेपुरते केले. एक विषय मात्र त्याच्या अंगात भिनला. ऑर्गनायझेशनल बिहेविअर, म्हणजे कामाच्या जागी माणसं अशी का वागतात, ह्याचं शास्त्र. पोरं त्याला नुसतं ओबी म्हणायची.

हा विषय शिकवायला भिलाईहून एक म्हातारे सर यायचे. ते सांगायचे, की माणूस फक्त पगारासाठी काम करत नाही, त्याला कोणीतरी आपली दखल घ्यावी असं वाटतं. भांडण झालं तर आधी समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत सांगा, म्हणजे तो निवतो. आणि एके दिवशी म्हणाले, "कड़वी बात कहनी ही पड़े, तो पहले उसकी कोई अच्छी बात कहो. फिर कड़वी. फिर एक अच्छी." धर्मपालच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढी साधी गोष्ट! आपल्या बापाला ही कोणी शिकवली असती तर? सर त्यानंतर आणखीही काही बोलले, पण ते ह्याच्या कानात शिरलं नाही. हा आपला बापाच्या आठवणीत बुडाला होता.

प्लांटमध्ये ह्या विद्येचा गुण पहिल्या झटक्यात आला. कन्व्हेअरवरचा एक माणूस रोज उशिरा यायचा. साहेबांनी त्याला दटावून पाहिलं, त्याची हजेरी कापून पाहिली. धर्मपालने त्याला बाजूला घेतलं, म्हणाला तुझा हात मशीनवर बसलेला आहे, तुझ्यासारखा माणूस नाही, पण उशीर का होतो ते सांग. तो माणूस रडायलाच लागला. बायको अंथरुणाला खिळलेली होती. धर्मपालने साहेबांना सांगून त्याची पाळी बदलून घेतली आणि उशीर संपला. मग कँटीनच्या जेवणावरून माणसं ताटं फेकून बाहेर बसली, तेव्हा हा त्यांच्यात जाऊन मातीत बसला आणि ज्याचं त्याचं म्हणणं ज्याच्या त्याच्या तोंडावर परत बोलून दाखवत राहिला, की तुम्हाला असं असं वाटतं, बरोबर ना? संध्याकाळपर्यंत माणसं आत गेली. मालकाने हे पाहिलं. पुढच्या वर्षी हजेरीबाबूचा पर्सोनेल ऑफिसर झाला, दारावर नावाची पाटी लागली आणि चहा कपबशीतून येऊ लागला.

इथवर सगळं ठीक होतं. पण नवा चष्मा लागलेला माणूस झोपतानाही तो काढायला विसरतो, तसं धर्मपालचं झालं. तो ती विद्या घरी घेऊन आला.

त्याची बायको सरला तुमसरची. तोंडाने फटकळ, मनाने स्वच्छ. भांडायची तर घर दणाणून सोडायची आणि अर्ध्या तासात चहा करून पुढे ठेवायची. आता भांडण सुरू झालं की धर्मपाल हात मांडीवर ठेवून शांत बसायचा.

"म्हणजे तुह्यं म्हणणं असं हाय, की मी घरी लक्ष देत नाही. अन् त्यानं तुले वाईट वाटून राहिलं. बरोबर?"

"अवो, माह्यं म्हणणं मलेच काहून सांगून राहिले?" सरला हातातलं फडकं आपटायची. "मी भांडून राहिली ना? तुम्ही पण भांडा!"

तो भांडायचा नाही. उलट रविवारी सकाळी बायको आणि पोरीला समोर बसवून घरची मीटिंग घ्यायचा. सरला तांदूळ निवडत बसायची, नीलिमा उशी पोटाशी धरून जांभया द्यायची.

"सरले, तू घर फार मस्त सांभाळते," तो सुरुवात करायचा. "पण गॅस जरा जास्तच लागून राहिला. बाकी तुह्यासारखी बाई शोधून सापडायची नाही."

"गॅसचं बोलायचं होतं तं गॅसचं बोला ना," सरला म्हणायची. "मधात घर काहून आणलं?"

नीलिमा तेव्हा शाळेत होती. तिला मराठी सगळी समजायची, पण ती उत्तर हिंदीत द्यायची, तिच्या वयाची सगळीच पोरं द्यायची तशी. एकदा ती बापासमोर हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आज आपकी दाढ़ी बहुत अच्छी बनी है. लेकिन मैं मैथ्स में फेल हूँ. वैसे आपकी शर्ट भी अच्छी है." सरला हसून हसून आडवी पडली. धर्मपालही हसला. तेव्हा ते सगळ्यांना हसण्यासारखंच वाटत होतं.

मग मंदी आली. लोखंडाचा उठाव थांबला, एक भट्टी विझली, दुसरी विझायच्या वाटेवर लागली. वरून हुकूम आला, माणसं कमी करा. शेजारच्या प्लांटांत गेटवर कागद चिकटवत होते, की उद्यापासून अमका अमका येणार नाही. धर्मपाल ते कागद पाहून आला. तो मालकाला म्हणाला, साहेब, असं नको, मी एकेकाशी बोलतो. माणसाला मानाने पाठवू. मालकाला काय, माणसं गेल्याशी मतलब.

कपबशीची कल्पना त्याचीच, आणि त्यात लबाडी काडीची नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर ग्लासात चहा प्यायला, त्याला जाताना तरी खुर्ची द्यावी, आपल्यासारखी कपबशी द्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. माणूस आला की तो त्याचं काम आठवून आठवून वाखाणायचा, मग ती बातमी सांगायचा, मग परत दोन चांगले शब्द बोलायचा. पहिले काही जण गहिवरले. नंतर बोभाटा झाला. कपबशी दिसली की माणसं दारातूनच म्हणू लागली, साहेब, राहू द्या, सही कुठे करू?

एक दिवस शालिग्रामचा नंबर आला. शालिग्राम आणि धर्मपाल एकाच पाऱ्यात वाढलेले, एकाच नळावर भांडलेले. धर्मपालनेच त्याला भट्टीवर लावून दिलं होतं. धुराने आणि धगीने त्याचे डोळे कायमचे लाल झाले होते. तो आला, खुर्चीवर बसला आणि समोरच्या कपबशीकडे बघत राहिला.

"शालिग्राम, तुह्यासारखा भट्टीवरचा माणूस मी पायला नाही," धर्मपाल म्हणाला. समोर पाऱ्यातला मित्र होता, तरी क्रम चुकला नाही.

"धर्मा, थांब," शालिग्राम म्हणाला. "इतके वर्सं मी त्या भट्टीपाशी उभा हाओ. एक खेप तरी तू येऊन म्हटलं काय, का शालिग्राम, चांगलं काम करून राहिला म्हणून? आज म्हटलं. मले तं बसल्या बसल्याच समजलं."

"तसं नाही बावा..."

"तुह्या बापानं सीधं हाकललं असतं मले. दोन शिव्या देऊन. बरं वाटलं असतं." तो उठला. कपाला त्याने हात लावला नव्हता. चहावर साय धरली होती.

त्या संध्याकाळी धर्मपालला भिलाईच्या सरांचं ते पुढचं वाक्य आठवलं, जे त्या दिवशी कानावरून गेलं होतं. "लेकिन अच्छी बात रोज़ कहो, बिना मतलब कहो. नहीं तो लोग तुम्हारी अच्छी बात से डरने लगेंगे." हे मात्र त्याला कधी जमलंच नव्हतं. कारण नसताना कोणाला चांगलं म्हणायचं तर त्याची जीभ जड व्हायची, कान तापायचे. आवाज बापाचा नव्हता, पण जीभ बापाचीच होती. हे त्याला कळलं खरं, पण ते केव्हाच कळायला हवं होतं, प्लांटमध्येही आणि घरीही.

नीलिमा कॉलेज संपवून पुण्याला नोकरीला जायचं म्हणाली तेव्हा त्याने तिला जवळ बसवलं. तू फार हुशार आहेस, आमच्या घरात एवढं कोणी शिकलं नाही, असं तो बोलू लागला. नीलिमाने मध्येच हात वर केला.

"बाबा, आप मना कर रहे हो ना? तो मना करो. पहले हार मत पहनाओ." ती उठून आत गेली.

सरलाने तिची बॅग भरली, बापाला न विचारता स्टेशनवर पोचवलं. पोरगी पुण्याची झाली. फोन यायचा तो आईला. बापाकडे फोन गेलाच तर "हाँ बाबा, ठीक हूँ," आणि संपलं. ती खरंच हुशार होती, आणि त्याला खरंच तिचा अभिमान होता. तिला मात्र वाटत राहिलं, की ते सगळं म्हणजे नकाराला गुंडाळलेला कागद होता.

नंतरच्या हिवाळ्यात सरलाचं पोट दुखायला लागलं. आधी गॅस म्हणाले, मग अल्सर म्हणाले, मग मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला धर्मपाल एकटाच गेला. डॉक्टरांनी त्याला बसवलं आणि सरळ सांगितलं, गाठ पसरली आहे, आता फार काही करण्यासारखं नाही, घरच्यांना तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा.

तुमच्या पद्धतीने! स्कूटरवरून घरी येताना तो शब्द जुळवत होता आणि मोडत होता. शेवटी त्याने ठरवलं, आज काही बोलायचंच नाही. नीलिमाला बोलावू, ती आली की बघू.

सरलाने वांग्याची भाजी केली होती. तिला स्वतःला दोन घासांवर जात नव्हतं, पण स्वयंपाक ती कोणाला करू द्यायची नाही. त्याने पहिला घास घेतला. भाजी चांगली झाली होती. तिखट, तेल, सगळं जिथल्या तिथे. आणि त्याला भरून आलं, की ही भाजी आता किती वेळा? ते भरून आलेलं शब्द होऊन तोंडातून निघून गेलं.

"सरले, भाजी भल्ली मस्त झाली आज."

सरलाच्या हातातला पळा भांड्यावर थांबला. तिने गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"रिपोर्ट आला काय?"

"अवं, मी भाजीचंच म्हटलं."

"लगन होऊन आली तवापासून भाजी करून राहिली मी. गोड बोलल्यावर तुम्ही पुढं काय बोलता ते मले ठाऊक हाय. बोला आता पुढचं."

त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. लपवायला जागाच उरली नव्हती. तिने ऐकलं, पदराने ओठ पुसले. मग म्हणाली, "अन् आता शेवटचं गोड कोणतं? तेही बोलून टाका, म्हणजे झालं." धर्मपाल ताटावर बसून हमसून हमसून रडला. तिनेच उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला बजावलं. "मी जिती हाओ तोपर्यंत माही तारीफ करू नका. मले भेव वाटते. तुम्ही चांगलं बोलले, का मले वाटते डॉक्टरनं अजून काई सांगितलं."

तो हव म्हणाला. बायकोने मागून मागून काय मागितलं, तर हे.

मग ते महिने सुरू झाले. नीलिमा सुट्टी मिळेल तशी येऊन जायची. मरणाच्या दारात बसून हा माणूस आपल्या बायकोला खोटं खोटं रागवायला शिकला. वरणात मीठ नाही, टीव्हीचा आवाज कमी कर, औषध टेबलावर काहून नाही ठेवलं? सरला जेवढं जमेल तेवढं उलट बोलायची आणि तिचा चेहरा सैल पडायचा. आज काही नवं नाही, आजचा दिवस निभावला. औषधाने तिचे केस गेले, तिने डोक्याला जांभळा स्कार्फ बांधला आणि खिडकीतल्या उन्हात बसली, तेव्हा ती त्याला लग्नातल्यासारखी दिसली. ते सांगायला त्याचा जीव तुटत होता. तो म्हणाला, "खिडकी लाव, धूळ येऊन राहिली." ती हसून म्हणाली, "तुम्हीच लावा, हात नाही काय?" बाहेर येऊन तो बराच वेळ भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला.

तिला दवाखान्यात गरम पेज न्यावी लागे म्हणून थर्मास घ्यायला तो गोल बाजारात गेला. भांड्यांच्या दुकानात शालिग्राम कामाला होता. त्याने थर्मास पुसून, झाकण घट्ट बसतंय का पाहून दिला, सरलाबाईची चौकशी केली. धर्मपाल म्हणाला, चल, बाहेर चहा घेऊ.

"नको गा," शालिग्राम म्हणाला. रागाने नाही, सहज. "तुही चाय एक खेप झाली. पुरे."

शेवटच्या दिवशी दवाखान्यात सरलाला बोलायचे श्रम होत होते. नीलिमा पुण्याहून निघाली होती, वाटेत होती. सरलाने डोळे उघडून धर्मपालकडे पाहिलं. त्याच्या जिभेवर सगळं आलं होतं, इतक्या वर्षांचं, मागचं-पुढचं काही न लावलेलं. पण ते बोललं असतं, तर तिला कळलं असतं की हे शेवटचं. ती घाबरली असती. तिने पाण्यासाठी हात हलवला, ग्लास कलंडला.

"सांडू नको पाणी," तो म्हणाला. "चादर ओली होते."

तिने डोळे मिटले. चेहरा सैल होता. त्याच्या तोंडचं तिने ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. नीलिमा पोचली तेव्हा आई नव्हती.

सरलाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहाराच्या हॉलमध्ये झाला. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलू लागला. पाऱ्यातल्या बाया बोलल्या, तुमसरचा भाऊ बोलला. मग धर्मपालच्या हातात माइक आला. आता वचन संपलं होतं, आता बोलायला कोणाची हरकत नव्हती. तो म्हणाला, "सरलासारखी बाई मी पायली नाही..." आणि त्याच्याच कानाला तो आवाज ऐकू आला. तोच, केबिनमधला. समोर दोन रांगा प्लांटची माणसं बसली होती, त्यांतल्या काहींनी माना खाली घातल्या. धर्मपालने माइक खाली ठेवला आणि जागेवर येऊन बसला.

घरी आल्यावर नीलिमा म्हणाली, "प्लांट में सबके लिए इतना बोलते थे. आई के लिए एक लाइन? बस एक?"

त्याने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. सांगायला गेला असता तर फार मागून सुरुवात करावी लागली असती.

तिची सुट्टी संपली. बॅग दाराशी आली, ऑटो खाली उभी होती. धर्मपालला वाटत होतं, हिने दोन दिवस आणखी राहावं. रिकाम्या स्वयंपाकघराची त्याला भीती वाटत होती. पण राहा म्हणायचा आपल्याला काय हक्क? मग निदान एवढं तरी बोलावं, की हिच्याबद्दल आपल्याला काय वाटतं. कशाच्या आधी नाही, कशाच्या नंतर नाही, नुसतंच. सर म्हणायचे तसं, बिना मतलब. आयुष्यात एकदा.

"नीलू," तो म्हणाला. "तू एकटी तिकडे राह्यली, नोकरी केली, आईसाठी धावून धावून आली. माह्याच्यानं झालं नसतं. तू फार चांगली पोट्टी हाय."

नीलिमाने बॅगेचा पट्टा सोडला.

"क्या हुआ बाबा?"

"काई नाही. असंच म्हटलं."

"आपका कोई रिपोर्ट आया है क्या? सच बताओ."

"नाही वं, काईच नाही. मी बरा हाओ."

"आई को भी आपने ऐसे ही बताया था. भाजी अच्छी बनी है. आई ने मुझे फोन पर बताया था." तिचे डोळे भरून आले. "मुझे हार मत पहनाओ, बाबा. सीधे बोलो."

त्याने सीधं सांगितलं. दोनदा, तीनदा सांगितलं, की बाई, मला काही झालेलं नाही, जे बोललो ते तेवढंच होतं, आणि ते खरं होतं. तो जितका सांगत गेला तितकी ती घाबरत गेली. तिने खिडकीतून वाकून ऑटोवाल्याला परत पाठवलं, ऑफिसला फोन केला आणि बापाला चप्पल घालायला लावली.

तपासणीच्या लॅबमध्ये दोघं बाकावर बसली होती. बाजूला एक बाई पोटाशी फाइल धरून बसली होती. नाव पुकारल्यावर सिस्टरने त्याची बाही वर केली, रबर बांधलं, मूठ आवळायला सांगितली. रिपोर्ट चांगला येणार हे त्याला ठाऊक होतं. तो आला की नीलिमा पुढच्या गाडीने जाणार, हेही ठाऊक होतं, आणि आपण काय बोललो होतो ते तिला तेव्हाही पटणार नाही, ह्याचीही खात्री होती. उठून म्हणावं, चल घरी, हा सगळा मूर्खपणा आहे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

पण नीलिमाने त्याचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. शाळेत जायला लागल्यापासून तिने त्याचा हात असा धरला नव्हता. धर्मपालला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी बरंही वाटलं.

"डरो मत, बाबा," ती म्हणाली. "मैं हूँ ना."

"हव," धर्मपाल म्हणाला, आणि त्याने रक्त काढू दिलं.